पंच कुणाचा?

जत्रेतला कुस्त्यांचा फड बघितलाय ना? दोन पैलवान, मधी पंच. आता समजा, हा पंच एका पैलवानाच्या बापाचा सालगडी हाय. माणूस मात्र देवमाणूस. खोटं बोलत नाही, कुणाचं फुकट खात नाही. तरी त्यानं दिलेला निकाल हरलेल्यानं मानायचा कसा? आणि जिंकलेल्याची तरी कुस्ती खरी कशी म्हणायची?

सवाल पंचाच्या नीतीचा नाही. तो कुणाच्या वाड्यावर जेवतो, याचा आहे.

१९९३ पासून पंचायती-पालिकांच्या निवडणुका घ्यायला प्रत्येक राज्यात वेगळा आयुक्त आला. त्याला नेमतो राज्यपाल, म्हंजे खरं तर मंत्रिमंडळ. काढायचा झाला तर हायकोर्टाच्या न्यायाधीशाइतका अवघड, नेमायचा झाला तर सचिवाइतका सोपा!

गोव्यात तर सचिवच नेमला. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारच्या कायदा सचिवाकडंच आयुक्तपदाचा जादा कार्यभार दिला. मंत्र्याला सल्ला देणारा तोच, मंत्र्याच्या पक्षाच्या कुस्तीचा पंचही तोच. पालिकांतले राखीव वॉर्ड कुठले, हे ४ फेब्रुवारी २०२१ ला सरकारच्याच संचालकानं ठरवलं. मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे, सांगे या पाच पालिकांत बायकांना तिसरा हिस्साही मिळाला नाही. लोक कोर्टात गेले. हायकोर्टानं ते आरक्षण रद्द केलं. १२ मार्च २०२१ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल उचलून धरला आणि साऱ्या राज्यांना बजावलं, की सरकारी पदावरचा माणूस निवडणूक आयुक्त असता कामा नये.

त्या अधिकाऱ्यानं बदमाशी केली, असं मी म्हणत नाही. कोर्टालाही तसं म्हणायची गरज पडली नाही. बसवलेली जागाच चुकीची होती.

बाबासाहेबांनी हे जून १९४९ मध्येच ओळखलं होतं. आधीच्या मसुद्यात राज्याराज्यांचे वेगळे आयोग होते. ते बदलून त्यांनी लोकसभा-विधानसभांसाठी एकच आयोग आणला. कारण काय? काही प्रांतांत वंशानं, भाषेनं, संस्कृतीनं वेगळ्या लोकांची नावं मतदारयादीतून वगळायला अंमलदारांना वरून हुकूम जातात, अशी खबर त्यांच्याकडं होती. यादीतून गाळणं म्हंजे काय, हे आम्हाला शिकवायला नको. आम्ही गावातच होतो, पण गावात नव्हतो. त्याच चर्चेत त्यांनी हेही कबूल केलं, की मूर्ख, लबाड किंवा सरकारच्या अंगठ्याखालचा माणूस या जागी येणार नाही, अशी तजवीज घटनेत नाही. घटना लिहिणारा माणूस आपल्याच घटनेतली फट भर सभेत दाखवत होता!

ती फट अजून आहे. मार्च २०२३ मध्ये कोर्टानं केंद्रातले आयुक्त निवडणाऱ्या समितीत सरन्यायाधीशांना बसवलं. डिसेंबरात संसदेनं कायदा करून त्यांच्या जागी मंत्री बसवला. तिघांत दोघं सरकारचे.

महाराष्ट्राचं काय? मार्च २०२२ मध्ये विधिमंडळानं वॉर्डरचनेचा अधिकार आयोगाकडून काढून सरकारकडं घेतला. सगळे पक्ष एका सुरात. ओबीसींच्या आरक्षणाचं कारण पुढं होतं, ते खोटंही नव्हतं. पण रेघ ओढायची पेन्सिल कुणाच्या हातात गेली? वस्तीच्या मधून रेघ गेली, की वस्तीच्या मताचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तुकडे वाया जातात. त्याच महिन्यात मुंबई पालिकेची मुदत संपली. पुढं तीन वर्षांहून जास्त काळ तिथं सरकारचा प्रशासक!

कुणी म्हणेल, आयुक्त वेगळा केला म्हणून काय झालं? यादी करणारा तलाठी, मास्तर, तहसीलदार सरकारचेच ना? खरं आहे. निवडणुकीपुरते ते आयोगाच्या हुकमात, मग बदली-बढतीला परत त्याच साहेबापुढं. ही गाठ पुरती सुटणार नाही. म्हणून तर वरचा एक माणूस तरी कुणाचा मिंधा नको. आणि म्हणूनच यादी आपणच वाचली पाहिजे, वस्तीत बसून, नावागणिक.

आमची आजी म्हणायची, "भाकर देणारा लई भला असंल, पर भाकर मागाया उंबऱ्याखालीच हुभं ऱ्हावं लागतं." भल्या माणसाच्या भलेपणावर टांगलेला हक्क हा हक्क नसतो, मेहेरबानी असते. आपण मेहेरबानी नाकारूनच माणसात आलो.

तेव्हा मित्रांनो, शेवटचा सवाल आपल्यालाच. उद्या सत्तेत आपला माणूस बसला आणि पंचही आपल्याच घरचा नेमला, तर आपण टाळ्या वाजवणार, की हाच सवाल विचारणार? जो तेव्हा गप्प बसेल, त्याला आज ओरडायचा अधिकार नाही.