‘मेक चेक’ आणि प्रामाण्याचा प्रश्न

तयार पॅकेज न घेता ‘डेजाग्नू’सारखे परीक्षणाचे साधन मूळ सोर्स कोडवरून आपल्या संगणकावर उभारणारा गृहस्थ, ‘कॉन्फिगर’, ‘मेक’, ‘मेक चेक’, ‘मेक इन्स्टॉल’ हे हुकूम टर्मिनलवर क्रमाने सोडीत असता, आपण शब्दप्रमाण टाकून प्रत्यक्षाचा आश्रय केला, अशा समाधानात असतो. नैयायिकांपुढे हे समाधान टिकले नसते. डेजाग्नू ‘एक्स्पेक्ट’ या प्रोग्रामवर चालतो, एक्स्पेक्ट ‘टीसीएल’ या भाषेवर, ही दोन्ही सी भाषेत रचलेली, म्हणून कंपायलरची ऋणी, आणि तो कंपायलर जीसीसी असला, तर त्याची परीक्षा घेण्याचे काम पुन्हा डेजाग्नूकडेच! न्यायशास्त्र यास चक्रक म्हणते. ‘मेक चेक’मध्ये डेजाग्नू स्वतःलाच तपासतो, तो तर उघड आत्माश्रय, आरोपीनेच पंचनामा लिहावा, तसा.

केन थॉम्पसन यांच्या १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानाने या शंकेस घोर रूप दिले. कंपायलरमध्ये अशी लबाडी मुरविता येते, की लॉगिनचा प्रोग्राम समोर येताच तो त्यात चोरवाट ठेवील, आणि स्वतःचा सर्वथा निर्दोष सोर्स कोड समोर आला तरी तीच लबाडी नव्या कंपायलरात उतरवील. जीसीसी स्वतःला तीनदा बांधून दुसऱ्या व तिसऱ्या बांधणीचा ताळा पाहतो, हे खरे. परंतु दोहोंत एकच लबाडी असेल, तर ताळा जमणारच. एका ज्ञानाचे प्रामाण्य दुसऱ्या ज्ञानावरून ठरवू गेल्यास अनवस्था, म्हणजे कोठेच न थांबणारी साखळी, पदरी येते, हा मीमांसकांचा जुना आक्षेप येथे तंतोतंत लागू पडतो.

म्हणून मला मीमांसक कुमारिल भट्टांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो : बाधक ज्ञान किंवा कारणदोष दिसून येईतो ज्ञान स्वतःच प्रमाण. यात भोळेपणा आहे, असे कोणी म्हणेल. पण बाधक समोर आले असता त्याकडे डोळेझाक न करण्याची जबाबदारी याच पक्षात अंतर्भूत आहे, आणि ती हलकी नव्हे. २०२४च्या मार्चमध्ये प्रोग्रामर अँड्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, एवढेच खटकले, आणि त्या धाग्यावरून ‘एक्सझेड’ या फायली आवळणाऱ्या साधनातील चोरवाट उघडकीस आली. ती सोर्स कोडच्या अधिकृत गठ्ठ्यातूनच आली होती, आणि तिचा घातक अंश परीक्षणासाठी म्हणून ठेवलेल्या फायलींत दडविलेला होता.