पोटाखालच्या पिना

दर पावसाळ्यानंतर इथे भंडाऱ्यात मला गाडीच्या पोटाखाली शिरावं लागतं, आणि दर वेळी तोच प्रश्न पडतो: जिथे कुणाची नजर जात नाही, तिथलं काम किती नीट करायचं?

रोवणीच्या दिवसांत चिखलणी आटोपलेले ट्रॅक्टर पांदणीवरून डांबरी रस्त्यावर येतात आणि मागे चिखलाचे गोळे सोडत जातात. ते गोळे, गिट्टी, खड्डे, सगळ्यांचा मार इंजिनाखालच्या प्लास्टिकच्या कव्हरला बसतो. हे कव्हर नायलॉनच्या पिनांनी धरलेलं असतं. मधली खुंटी दाबली की पिनेचे पाय फाकून भोकात अडकतात. काढताना खुंटी चपट्या पेचकसाने उचलायची. नव्या गाडीत हे सोपं. पण काही वर्षं इंजिनाची धग खाल्लेली पिन, त्यात खाचेत वाळलेला चिखल. खुंटी उचलण्याआधीच डोकं तुटून हातात येतं. (आधी ब्रश आणि पाण्याने चिखल काढावा. आणि नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही शिरू नये, स्टँड हवेतच.)

तुटलेल्या पिनेच्या जागी काय लावायचं? केबल टाय ओवून शेपूट कापलं की काम झालं, असं बरेच जण मानतात. आमच्या ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "भाऊ, स्टीलचा नट-बोल्टच मारून देतो. जन्मभर हालत नाही मंग." ऐकायला पटतं. पण बोल्ट हालत नाही म्हणजे दगडाचा फटका बसल्यावर दुसरं काहीतरी जातं: कव्हरचं भोक फाटतं, नाहीतर बंपरचा कान तुटतो. काही रुपयांची पिन जे स्वतःवर घेते, ते महागड्या भागावर येतं. मजबूत दुरुस्ती आणि योग्य दुरुस्ती एकच नव्हे.

नुकसान माझंच होणार असतं तर मी एवढा विचार केलाच नसता. कव्हरची पुढची कड सैल झाली की वारा आत शिरतो, ऐंशीच्या वेगात कड फडफडते, उरलेल्या पिनांवर भार येतो आणि त्या एकेक करून सुटतात. नागपूरच्या वाटेवर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर, माझ्या मागे बहुधा मोटरसायकल असते: मागे बायको, टाकीवर पोर. माझ्या पिनांचं काय चाललंय, हे त्या माणसाला कळायला मार्ग नाही.

जुगाडाचं आपल्याला फार कौतुक. मलाही आहे. गळक्या नळाला चिंधी बांधली तर भिजणार मीच. तिथे हवा तेवढा जुगाड करावा. कव्हरचं तसं नाही. म्हणून मागच्या कडेला, सायलेन्सरपासून दूर, मला टाय चालतो. पुढच्या कडेला चालत नाही. तिथली मापाची पिन मिळेपर्यंत गाडी महामार्गावर काढत नाही. "अहो, एका पिनेपायी बसने जायचं?" असं घरात विचारलं जातं. जातो.

दुरुस्तीच्या हक्काबद्दल अलीकडे पुष्कळ बोललं जातं, आणि ते हवंच. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना खुलेपणाने मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने याच हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. हक्क मिळाला की गाडी उघडायची मोकळीक मिळते. पण ती बंद कशी करायची, याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. घरी काम करणाऱ्याने तरी बोलावं, कारण त्याच्या कामावर दुसरं कुणी हात फिरवत नाही.

मेकॅनिकची बाजूही खोटी नाही. सगळी भोकं साफ करून मापाच्या पिना बसवायला वेळ लागतो. न दिसणाऱ्या कामाची मजुरी सांगितली की गिऱ्हाईक कुरकुरतं. चमकत्या पॉलिशला मात्र न विचारता पैसे मोजतं. मापाच्या पिना लावून द्या, वेळेचे पैसे घ्या, असं आजवर कुणी आपणहून म्हटलेलं त्याला आठवत नाही.