घुमटाखालची रिकामी जागा

बसा. खुर्चीवर, चटईवर, लोकलमध्ये खिडकी मिळाली असेल तर तिथेही चालेल. पाठ टेकता आली तर टेका. आज आपल्याला एका इमारतीत जायचं आहे, आणि मला तुम्हाला तिथे सावकाश न्यायचं आहे, कारण ती इमारत स्वतःही सावकाश झाली.

एक श्वास घ्या. सोडा. तो सोडून झाल्यावर पुढचा श्वास सुरू होण्याआधी जो थोडा थांबा येतो, तिथे काहीच चाललेलं नसतं. तो थांबा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता हुतात्मा चौकात उभे राहा. सकाळचे साडेअकरा वाजलेत, कचेऱ्यांत माणसं शिरून बसली आहेत आणि फूटपाथ जरा मोकळे झालेत. दक्षिणेकडे तोंड करा आणि महात्मा गांधी रस्त्याने चालू लागा. उजव्या हाताला कमानींच्या सावल्या. त्या सावल्यांतून चाला, ऊन टाळण्यासाठी नव्हे, पावलांचा आवाज ऐकू यावा म्हणून. दगडी छताखाली स्वतःच्या चपलांचा आवाज वेगळा येतो.

या भागाला आपण फोर्ट म्हणतो. किल्ला. चालता चालता आजूबाजूला बघा, किल्ला कुठे आहे? तट नाही, बुरूज नाही, खंदक नाही. 1860 च्या दशकात बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना तो तट पाडला गेला. दगड गेले, नाव राहिलं. तट उतरला तेव्हा जी मोकळी जागा हाती आली, तिच्यावर आपण आज ज्याला मुंबईचं जुनं वैभव म्हणतो ते उभं राहिलं: विद्यापीठ, उच्च न्यायालय, ग्रंथालयं. म्हणजे या शहराचा हा जो गाभा आहे, त्याच्या सुरुवातीला एक भिंत काढून टाकणं आहे. मला हे फार मोलाचं वाटतं. आपण शहर घडवणं म्हणजे बांधत जाणं समजतो. कधी कधी सुरुवात मोकळं करण्यापासून होते.

काळा घोडा. इथे थांबा. 1965 मध्ये इथला काळ्या ब्राँझचा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, उचलून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला. पुढे कितीतरी वर्षं इथे घोडा नव्हता, तरी टॅक्सीवाल्याला ‘काळा घोडा’ म्हटलं की तो बरोबर इथेच आणायचा. 2017 मध्ये नवा घोडा आला, स्वाराशिवाय. मधल्या त्या बावन्न वर्षांत लोकांनी एक रिकामी जागा नावानिशी सांभाळली. ती कुणी त्यांना सांभाळायला सांगितली नव्हती.

डाव्या हाताला जहांगीर आर्ट गॅलरी, 1952 ची. तिच्यासमोरच्या फूटपाथवर चित्रं मांडून बसलेले चित्रकार दिसतील. त्यांच्यापैकी एखाद्यासमोर क्षणभर उभे राहा. विकत घ्यायला हवंच असं नाही. बघायला मात्र हवं. मी शाळेत असताना वडील मला इथे आणायचे. त्यांचं ऑफिस जवळच होतं, शनिवारी अर्धा दिवस असायचा. त्यांना चित्रांतलं काही कळत नाही असं ते स्वतःच म्हणायचे, पण एकेका चित्रासमोर ते इतका वेळ उभे राहायचे की माझे पाय दुखायचे. एवढा वेळ काय बघता, असं मी विचारलं की म्हणायचे, “अजून दिसतंय.” मला त्यांच्याकडून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच असावी.

पुढे चला. रस्ता वर्तुळात येऊन मिळतो. डावीकडे झाडांमागे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा घुमट. पलीकडे रीगल. आणि वर्तुळाच्या या बाजूला, कोपऱ्यावर, दगडी, गोलसर, थोडी मागे सरून उभी असलेली एक इमारत. बसमधून जाताना ती सहज नजरेतून सुटते. इथेच यायचं होतं.

आत जाऊ नका. अजून नाही.

डोळे मिटा आणि साल 1911 करा. सर कावसजी जहांगीर सभागृह पुरं झालं आहे. वास्तुशिल्पी जॉर्ज विटेट, समोरचं वस्तुसंग्रहालय आणि गेटवे ऑफ इंडिया ज्यांचं तेच. आत माणसं भरली आहेत. पुढची चाळीसेक वर्षं हे मुंबईतल्या मानाच्या सभागृहांपैकी एक. काँग्रेसच्या सभा इथे झाल्या. येहुदी मेन्युहिन यांचं व्हायोलिन इथे वाजलं. छताकडे चढत जाणारा तो एक सूर मनात ऐकून बघा. दगडाला सूर लागतो का, हे मला माहीत नाही, पण जिथे गाणं झालेलं असतं तिथे माणूस बोलताना आवाज खाली आणतो, एवढं मी पाहिलं आहे.

मग शहरात मोठी, वातानुकूलित नाट्यगृहं झाली आणि या सभागृहाची मागणी उतरली. ते भाड्याने जाऊ लागलं. मुष्टियुद्धाचे सामने, कामगार संघटनांच्या सभा, लग्नं, चपलाबुटांची प्रदर्शनं. या काळाबद्दल लिहिणारे बहुतेक जण हळहळतात. मला तसं हळहळता येत नाही. जिथे व्हायोलिन वाजलं तिथेच एखाद्या नवरीच्या डोक्यावर अक्षता पडल्या, संपावर जाऊ की नको म्हणून कामगारांनी हात वर केले, कुणी पोराच्या पायाला बूट बसतो का म्हणून अंगठ्यापाशी दाबून बघितलं. यातलं काहीही त्या जागेला बट्टा लावणारं नाही. आज त्या वास्तूत कला आहे, आणि कलेचा सगळा कच्चा माल त्याआधीच तिथून येऊन गेलेला आहे. तुमच्या ओळखीच्या एखाद्या जुन्या हॉलचं, मंगल कार्यालयाचं, बंद पडलेल्या थिएटरचं चित्र मनात आणा. त्याच्या फरशीवरून आजवर कोण कोण चालून गेलं असेल, ते बघत राहा. थोडा वेळ घ्या.

परत आपल्या सभागृहाकडे या. आता दार बंद आहे. खुर्च्या नाहीत. उन्हाच्या तिरिपीत धूळ तरंगते आहे. हाच तो श्वासांमधला थांबा.

अशा बंद, मोडकळीला आलेल्या वास्तूसमोर उभं राहून इथे चित्रं असावीत असं म्हणणारी माणसं कोण होती? मुंबईच्या कलाकारांनी ही मागणी लावून धरली आणि त्यांच्या पुढे दोघं होती, पिलू पोचखानवाला आणि केकू गांधी. पिलू शिल्पकार. लाकूड, सिमेंट आणि पुढे भंगारातलं लोखंड, यंत्रांचे टाकलेले भाग जोडून त्या शिल्पं करायच्या. भंगाराच्या ढिगाकडे बघून त्यातलं रूप ओळखायची ज्या डोळ्यांना सवय, त्यांना या पडक्या हॉलमध्ये संग्रहालय दिसलं यात नवल नाही. आणि केकू गांधींनी 1941 मध्ये केमोल्ड सुरू केलं ते चित्रांच्या चौकटी बनवण्यासाठी. त्याच चौकटींच्या दुकानात त्यांनी नव्या चित्रकारांची कामं टांगायला सुरुवात केली, आणि 1963 मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी उघडली. आयुष्यभर चित्रांना चौकट देणाऱ्या माणसाला शहराच्या सगळ्या चित्रांसाठी एक मोठी चौकट हवी होती, असं मी मनाशी म्हणते.

राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय दिल्लीत 1954 मध्ये सुरू झालं होतं. मुंबईत, जिथे 1947 मध्ये सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, तिथे त्याची शाखा 1996 मध्ये उघडली, याच वास्तूत. हा उशीर मला बोचतो. इमारतीच्या कामालाच 12 वर्षं लागली.

या 12 वर्षांपाशी थोडं बसू या, कारण आपल्या आजच्या मननाचं मूळ तिथे आहे.

बाहेरची दगडी वास्तू वारशाची, तिला धक्का लावायचा नाही. म्हणून वास्तुशिल्पी रोमी खोसला यांच्या आराखड्यानुसार जुन्या इमारतीच्या पोटात एक नवी इमारत वाढवली गेली. भोवती जुने दगड आणि आत नव्या मजल्यांचे गोलावे. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय दिसलं असेल? बांबूची परांची, पावसाळ्यात तिच्यावरून निथळणारं पाणी, कधी कामगारांची लगबग, कधी महिनोन् महिने सामसूम. समोरच्या स्टॉपवर बससाठी थांबलेल्या माणसाने सुरुवातीला विचारलं असेल, काय चाललंय इथे? पुढे त्याने विचारणं सोडलं असेल. आजही शहरात कुठे ना कुठे हिरव्या जाळीमागे एखादं कलादालन आकार घेत असतं आणि आपण त्याच्यापुढून मोबाइलमध्ये बघत जातो. उद्या जाताना एकदा मान वर करा. जाळीमागे अजून भिंतही नसेल, पण तिथे पुढे काय टांगलं जाईल त्याची जागा तयार होते आहे.

पिलू पोचखानवाला 1986 मध्ये गेल्या. दार उघडायला अजून दहा वर्षं होती.

चित्रकार प्रभाकर बरवे 1995 च्या डिसेंबरात गेले. आणि चित्रकार कृष्ण हेब्बार, ज्यांनी आधी जहांगीर आर्ट गॅलरी व्हावी म्हणून खटपट केली होती, त्यांचा जन्म 1911 चा, म्हणजे हे सभागृह पुरं झालं त्या वर्षाचा, आणि मृत्यू 1996 चा, ते संग्रहालय झालं त्या वर्षाचा. सभागृहापासून संग्रहालयापर्यंत पोहोचायला या वास्तूला जेवढा काळ लागला, जवळजवळ तेवढंच त्यांचं आयुष्य. योगायोगाला अर्थ चिकटवू नये हे मला कळतं. तरी ही दोन सालं शेजारी ठेवली की मी गप्प होते. तुम्हीही ती शेजारी ठेवा आणि त्यांच्यामध्ये थोडा वेळ थांबा.

आता आत चला.

बाहेरचा बसचा आवाज पाच-सहा पावलांत मागे पडतो. दालनं एकूण पाच, एकातून दुसऱ्यात नेणारी, आणि त्यांना जोडणारा सागवानी जिना. हात कठड्यावर ठेवा. लाकूड दगडासारखं गार नसतं, ते तळहाताची ऊब लगेच घेतं. एका दालनात सगळं एकदम दिसत नाही. थोडं दिसतं, मग वळण, मग थोडं. चढताना मागच्या मजल्यावरचं चित्र अजून डोळ्यांत असतं आणि पुढचं आलेलं नसतं. ती पायरी मला सगळ्यात आवडते. लोक तिथे थांबत नाहीत, कारण तिथे बघायला काही टांगलेलं नाही. तुम्ही थांबा. श्वास सोडल्यानंतरचा तो थांबा आठवतो? ही तीच जागा आहे, सागवानात केलेली.

2019 मध्ये इथे बरव्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. त्याचं नाव होतं ‘इनसाइड द एम्प्टी बॉक्स’, रिकाम्या खोक्याच्या आत. किल्ली, घड्याळ, पान, साध्या साध्या वस्तू, आणि त्यांच्याभोवती एवढी मोकळी जागा की वस्तू जणू पहिल्यांदाच दिसते आहे. ‘कोरा कॅनव्हास’ नावाचं पुस्तक लिहिणारा हा चित्रकार, आणि त्याची चित्रं एका आतून रिकाम्या केलेल्या सभागृहात. मला वाटतं, ती भिंत त्या चित्रांसाठी वाट बघत होती. एका किल्लीपाशी मनाने थांबा. ती कोणत्या कुलपाची, हे विचारू नका. तिच्या दांड्याकडे बघा, दातांकडे बघा. मग तिच्या बाजूच्या कोऱ्या भागाकडे या आणि तिथे जितकं राहवेल तितकं राहा. मन ऑफिसात, स्वयंपाकघरात, बँकेच्या हप्त्यात जाईल. जाऊ दे. परत येईल तेव्हा कोरा भाग तिथेच असेल.

वर, घुमटाखाली या. इथे पोहोचल्यावर माणसं आपोआप वर बघतात आणि बोलणं थांबवतात, लहान मुलंसुद्धा, निदान एका श्वासापुरती. घुमटाची गोलाई नजरेने हळूच फिरून घ्या, घाई न करता, जिथून सुरू केली तिथे परत येईपर्यंत. मध्ये काही नाही. खांब नाही, दिव्याचं झुंबर डोळ्यांपुढे आणू नका. फक्त ती पोकळी. 1911 पासून आजवर या शहराला तिच्याखाली जे जे करावंसं वाटलं त्याला तिने जागा दिली.

भिंतीशी बसता येईल अशी जागा शोधा. बसताना थोडं सरकून बसा, शेजारी एका माणसापुरती जागा राहील इतकं. तिथे कुणाला बसवायचं ते मी सांगत नाही. मी बसते तेव्हा एका बाजूला पिलूबाई असतात, हाताला वेल्डिंगचे डाग, आजूबाजूला निरखून बघणाऱ्या. दुसऱ्या बाजूला माझे वडील, शनिवारच्या अर्ध्या दिवसाची पिशवी मांडीवर घेऊन. आम्ही तिघं समोरच्या चित्राकडे बघतो.

अजून दिसतंय.