मागे फिरवलेला नट

इकडे ये. मोबाइल खिशात टाक. बाकीच्यांनीही पाने खाली ठेवा, हे सगळ्यांनी बघायचंय.

ही स्प्लिट पिन तूच घातलीस ना? काढ. आता नटाला पाना लाव. फिरला की नाही नुसत्या मनगटाने? टॉर्क पान्याने आवळलेला नट असा फिरतो होय रे? काय केलंस ते मीच सांगतो. मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळलास, तिथवर ठीक. मग नटाची खाच आणि स्टडचं भोक जुळेना. म्हणून साहेबांनी नट जरा मागे घेतला, पिन सारली आणि चहाला गेले!

कॅसल नटाला खाचा सहा असतात. पुढची खाच गाठायला फार तर साठ अंश, आणि तेही पुढे. नट मागे घ्यायचा नाही म्हणजे नाही. बॉल जॉइंटचा टेपर नकलमध्ये घट्ट बसतो तो नटाच्या ओढीवर. पिनेचं काम एवढंच, की नट गळून पडू नये. नट ढिला राहिला की स्टड नकलच्या भोकात हलतो, भोक झिजून लांबट होतं आणि मग नवा जॉइंटही त्यात बसत नाही. नकलच बदलावी लागते. स्टड त्याआधी तुटला नाही तर, बरं का. आणि टेपरला हे ग्रीस कशाला फासलंस? ग्रीस बुटाच्या आत. टेपर पुसून कोरडा करायचा, एवढं पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

वरच्या जॉइंटचा बूट बघ, फाटलाय. तो जॉइंट चांगला होता, बदलायचाही नव्हता. काटा घुसवून पहारीसारखा दाबलास, दुसरं काय होणार? नट दोन-चार आट्यांवर ठेवायचा आणि नकलच्या डोळ्याला बाजूने हातोडा द्यायचा. दणका बरोबर बसला की टेपर आपसूक सुटतो. तू मात्र स्टडच्या टोकावरच घण घातलास.

मुळात खालचाच जॉइंट गेलाय हे तू ठरवलंस कशावरून? मालक म्हणाला खडखड वाजतं, म्हणून? या गाडीला स्प्रिंग खालच्या आर्मवर आहे. जॅक चासीला लावलास तर स्प्रिंगचा दाब जॉइंटवर तसाच राहतो आणि प्ले लपतो. जॅक आर्मखाली, जॉइंटच्या शेजारी लावायचा. मग चाक वर-खाली धरून हलवायचं. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष बेअरिंगचा, जॉइंटचा नाही. डावी-उजवीकडे हललं तर टाय रॉड एंड बघायचा.

टाय रॉड एंडही बदललास म्हणे. जुना किती आट्यांनी सुटला? मोजलंस? बोल ना. अलाइनमेंटवाला बघेल, असं मनात म्हणालास ना? अरे, तिथवर गाडी चालवत न्यायची आहे.

आर्मचे बुश चाक लोंबकळत असतानाच आवळलेत, तेही दिसतंय मला. गाडी खाली आली की रबर पिळलेलंच राहणार आणि लवकर फाटणार. गाडी चाकांवर उभी करायची, चार वेळा दाबायची, मगच शेवटचा आवळ द्यायचा.

ही पिकअप नारायणगावचा टोमॅटो भरून रात्री माळशेज उतरते. वळणावर पुढचं चाक आत वळलं तर ड्रायव्हर ब्रेक दाबून काय करणार? मेकॅनिक मोटर व्हेइकल म्हणून प्रमाणपत्र घेशील, भिंतीवर लावशील, पेढेही वाटशील. ड्रायव्हर ते बघायला येणार नाही.

मान खाली घालून उभा राहू नकोस. घोडी आण, जॅकच्या भरवशावर आत शिरायचं नाही. दोन्ही चाकं उतर, सगळे टेपर पुस. त्या स्टडचे आटे चेपलेत, तो जॉइंट भंगारात टाक आणि नवा मागव. नट नवे, पिना नव्या. फाटलेल्या बुटाचे पैसे मालकाच्या बिलात घालायचे नाहीत. पिन घालण्याआधी मला हाक मार. जेवायची सुट्टी झाली तरी मी इथेच आहे.