डिझेलच्या नावानं

परभणीत इंधन कायम महाग. राज्यात पेट्रोलचा सर्वांत चढा भाव बहुतेक वेळा याच जिल्ह्यात असतो. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर भरून निघतात, जवळपास तीनशे किलोमीटर येतात, आणि त्या वाहतुकीचा भारही लिटरमागं गिऱ्हाइकाच्याच माथी बसतो. २०२१ च्या उन्हाळ्यात इथं साध्या पेट्रोलनं शंभरी ओलांडली. दिवाळी तोंडावर आली तेव्हा डिझेलही शंभराच्या पुढं गेलं. ही गोष्ट त्या ऑक्टोबरातली, परभणीपासून बावीस किलोमीटरवरच्या एका गावची.

त्या गावाला एसटी दिवसातून दोनदा. बाकी सगळी भिस्त वडापवर, आणि वडापमध्ये आप्पाच्या जीपवर. आप्पा माणूस सरळ. पेशंट असेल तर रात्री अपरात्रीही गाडी काढायचा आणि पैशांचं नंतर बघू म्हणायचा. टाळेबंदीपासून भाडं तीस रुपये होतं. एका सोमवारी सकाळी त्यानं सांगून टाकलं, "आजपासून पंचेचाळीस. डिझेल शंभराच्या वर गेलंय, माझा इलाज नाही."

कुणी हूं की चूं केलं नाही. डिझेल वाढलंय हे सगळ्यांनाच दिसत होतं. दोघातिघांनी सरकारला शिव्या घातल्या, एकानं कुठल्या सरकारला घालायच्या यावरून दुसऱ्याशी वाद काढला, आणि पंचेचाळीस रुपये पुढं केले.

मागच्या बाकावर भाजीवाल्या मावशी बसल्या होत्या. मेथी, शेपू, कोथिंबिरीचं गाठोडं पायाशी. त्यांनी पदराची गाठ सोडली, दहा-दहाच्या तीन नोटा काढल्या आणि गाठ परत बांधली.

"पंधरा कमी आहेत, मावशी."

"पंधरा रुपये म्हणजे मेथीच्या तीन जुड्या. देते की. पण मला आधी सांग, लिटरमागं डिझेल किती वाढलं?"

"वर्षभरात पंचवीसेक रुपये."

"जाऊन येऊन किती जळतं?"

आप्पानं मनात मांडलं. चव्वेचाळीस किलोमीटर, लिटरला अकराचा ॲव्हरेज. "चार लिटर."

"म्हणजे तुझा एका फेरीचा खर्च शंभर रुपयांनी वाढला. जाताना दहा माणसं, येताना दहा माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला किती आले?"

पुढच्या सीटवर बी.एस्सी.ला असलेली एक मुलगी बसली होती, तिच्या तोंडून पटकन निघून गेलं, "पाच."

"मग वरचे दहा कशाचे, आप्पा?"

गाडीत शांतता झाली. आप्पानं टायरचं सांगितलं, ऑइलचं सांगितलं. मावशींनी ते मान्य केलं, दोन रुपये धर म्हणाल्या. अजून आठ राहिले. आप्पाचा आवाज चढला. गाडी काय फुकट येते का, तुम्हाला काय कळतं धंद्यातलं, परवडत नसेल तर चालत जा, असं सगळं तो बोलला. मावशी नुसत्या बघत राहिल्या. मग तोच खाली बघून म्हणाला, "टाळेबंदीत गाडी दारात उभी होती. फायनान्सचे हप्ते थकलेत. कुठून भरू?"

"मग तसं सांग की बाबा! हप्ता थकलाय म्हणून माग, आम्ही देऊ. टाळेबंदीत तुझी गाडी उभी होती तेव्हा माझी भाजीही रानात सडली, मला नाही का कळत? पण हप्त्याचे पैसे डिझेलच्या नावानं घेऊ नको. डिझेलच्या नावानं घेतलेस तर हप्ता फिटल्यावरही भाडं उतरायचं नाही. तूही विसरशील आणि आम्हीही विसरू."

मला विचाराल तर या प्रकरणातलं सगळं मर्म मावशींच्या या बोलण्यात आहे. महागाईनं माणूस चिडतो ते खरं, पण नुसत्या आकड्यानं तो इतका चिडत नाही. ज्या कारणासाठी पैसे घेतले ते कारण संपतं, आणि पैसे घेणं चालूच राहतं, तिथं त्याला फसवलं गेल्यासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी आप्पाच्या जीपमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागं, खडूनं लिहिलेली एक पाटी टांगलेली होती. मूळ भाडं ३०. डिझेल ५. टायर-ऑइल २. थकलेला हप्ता ३, गुढीपाडव्यापर्यंत. एकूण ४०. राहिलेले पाच रुपये कशाचे होते ते मावशींनी विचारलंच. आप्पानं खरं सांगितलं, ते कशाचेच नव्हते. चाळिसापेक्षा पंचेचाळीस म्हटलं की जरा बरं वाटलं, इतकंच.

बी.एस्सी.च्या मुलीला त्या पाटीनं झपाटलं. त्याच महिन्यात परभणीत दोन मोर्चे निघाले होते. एका मोर्चात मोटारसायकली ढकलत नेल्या आणि दिल्लीच्या नावानं घोषणा दिल्या. आठ दिवसांनी दुसऱ्या पक्षाचा मोर्चा निघाला, त्यात मुंबईनं व्हॅट कमी करावा अशी मागणी होती. गावातले काहीजण दोन्हीकडं जाऊन आले. इंधन दरवाढीविरुद्धची निदर्शनं आपल्याकडं जुनी आहेत. १९७३ साली अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते, तो फोटो अजून फिरतो. तेव्हा प्रश्न भावाचा होता आणि आजही भावाचाच विचारला जातो. मुलीला वाटलं, आप्पाला विचारला तसा प्रश्न सरकारला कुणीच विचारलेला नाही.

तिनं शोधाशोध केली आणि वहीच्या पानावर एका लिटर डिझेलची पाटी तयार केली. केंद्राचं शुल्क ३१ रुपये ८० पैसे. त्यात मूळ उत्पादन शुल्क १ रुपया ८० पैसे, विशेष अतिरिक्त शुल्क ८ रुपये, रस्ते आणि पायाभूत सुविधांसाठी १८ रुपये, शेतीच्या पायाभूत सुविधांसाठी ४ रुपये. राज्यांना वाटा मिळायचा तो फक्त त्या १ रुपया ८० पैशांतून. बाकीचे तीस रुपये तेव्हा अधिभाराच्या नावानं घेतले जात, त्यामुळं ते वाटून द्यावे लागत नसत. या सगळ्याच्या वर राज्याचा व्हॅट आणि राज्याचा स्वतःचा अधिभार.

जीपमध्ये तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा ट्रॅक्टर भाड्यानं देणारा एकजण म्हणाला, "माझ्या ट्रॅक्टरच्या डिझेलमधून शेतीसाठी लिटरला चार रुपये कापतात? आमच्या शेताचा रस्ता तर अजून चिखलाचाच आहे."

"हे वाढलं कधी?" मावशींनी विचारलं.

मुलीनं तेही काढून ठेवलं होतं. २०२० च्या एप्रिलमध्ये जगभर गाड्या बंद होत्या. कच्चं तेल पिंपाला वीस डॉलरच्या आसपास उतरलं. भाव कोसळला तेव्हा पंपावर स्वस्ताई यायला हवी होती. पण मे महिन्यात केंद्रानं डिझेलवर लिटरला तेरा रुपये आणि पेट्रोलवर दहा रुपये शुल्क चढवलं, आणि १ जूनला राज्यानंही दोन्हींवर दोन-दोन रुपये वाढवले. टाळेबंदीत दोघांचाही महसूल आटला होता. पुढं कच्चं तेल महागलं तेव्हा तो भाव या चढवलेल्या करावर येऊन बसला.

आप्पा आरशातून मागं बघत म्हणाला, "म्हणजे त्यांचाही हप्ताच थकला होता."

तेवढं बोलून तो थांबला, आणि गाडीतले सगळे मावशींकडं बघायला लागले. मावशी पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. त्या सरकारवर तुटून पडतील अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

"टाळेबंदीत माझ्या घरात माणशी पाच किलो धान्य फुकट आलं," त्या म्हणाल्या. "लशीचे दोन्ही डोस फुकट मिळाले. खोटं कशाला बोलू? त्याला पैसे लागले असतील. त्यासाठी घेतले म्हणाले तर मी हो म्हणेन. पण आपल्या आप्पानं लिहिलं, पाडव्यापर्यंत. त्यांनी कुठं लिहिलंय, कधीपर्यंत?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. २०१५ साली राज्यानं दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला दोन रुपये बसवले होते. पुढं पाऊस झाला, धरणं भरली, पण पेट्रोलवरचा अधिभार उतरण्याऐवजी चढत गेला. मराठवाड्यातल्या माणसाला हे जास्त लागतं. दुष्काळ त्यानं सोसला, दुष्काळाचा अधिभारही त्यानंच भरला, आणि दुष्काळ गेल्यावर तो कुणी परत घेतला नाही.

मुलीच्या वहीतून सरकारी खर्चाची यादी निघाली तेव्हा गाडीत खरी खळबळ झाली. दिल्लीत नव्या संसद भवनाचं काम ८६१ कोटी ९० लाखांना दिलेलं होतं, महामारीच्या पहिल्याच वर्षी. मुंबईत उपमुख्यमंत्र्यांच्या समाजमाध्यमांवरच्या प्रसिद्धीसाठी जवळपास सहा कोटींचा आदेश निघाला, तोही २०२१ च्या मे महिन्यात, जेव्हा लोक ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी रांगा लावत होते. बातमी फुटली, लोक खवळले, आणि तो आदेश लगेच मागं घेतला गेला.

"मागं घेतला?" ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं. "कुणी मोर्चा काढला होता?"

"नाही. फक्त सगळ्यांना कळलं."

नोव्हेंबर उजाडला आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. दिवाळीत, ४ तारखेपासून, केंद्रानं डिझेलवरचं शुल्क लिटरला दहा रुपयांनी आणि पेट्रोलवरचं पाच रुपयांनी कमी केलं. आणि एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटत गेला, एकेक करत राज्यातली आगारं बंद पडली. गावाची दोन वेळची एसटी थांबली. आता वडापशिवाय माणसाला वाटच नव्हती. स्टँडवरच्या बाकीच्या जीपवाल्यांनी भाडं साठ केलं, कुणी सत्तरही मागितले.

आप्पानं पाटीवरचा डिझेलसमोरचा पाचचा आकडा पुसला आणि तीन लिहिला. एकूण ३८.

स्टँडवर भांडण झालं. चौघांनी त्याला घेरलं. "तुझ्या पाटीनं आमच्या पोटावर पाय येतोय. आमची गिऱ्हाइकं आम्हालाच पाटी मागतात." त्याला नंबरातून काढलं. दहा दिवस त्याची गाडी स्टँडवर लागू दिली नाही, तो रस्त्याच्या कडेला उभा राहून माणसं घ्यायचा. यात त्याचं नुकसान झालं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. घरी बायकोशीही खटके उडाले. साठ घ्यायची संधी वर्षानुवर्षांत एकदा येते, आणि हा अडतीस घेऊन बसलाय, असं ती म्हणाली. हप्ते फिटायला अजून चार महिने होते, तेव्हा तिचंही काही चुकत नव्हतं. आप्पा तिला एवढंच म्हणाला, "मी वाढवताना सांगून वाढवलं. आता उतरलं तेव्हा गप्प बसलो तर मोर्चात कुठल्या तोंडानं जाऊ?"

त्याला नंबर परत मिळाला तो जीपवाल्यांना दया आली म्हणून नाही. बाजारच्या दिवशी भाजीवाल्या बायका गाठोडी घेऊन बाकीच्या रिकाम्या जीपा सोडून रस्त्याच्या कडेला आप्पाची वाट बघत उभ्या राहिल्या. उन्हात, तासभर. दुपारपर्यंत दुसऱ्या दोन जीपमध्ये पाट्या लागल्या. त्यातल्या एकीवर भाडं पंचेचाळीस होतं, पण कशाचे किती ते लिहिलेलं होतं, आणि बायका त्या गाडीतही बसल्या.

त्या आठवड्यात मुलीनं निवेदन लिहिलं. भाव कमी करा अशी मागणी त्यात नव्हती. प्रत्येक अधिभारापुढं तीन रकाने होते: कशासाठी घेतला, आजवर किती जमा झाला आणि कुठं खर्च झाला, कधी उतरणार. दोन प्रती काढल्या, एक केंद्रीय अर्थमंत्र्यांच्या नावे, एक राज्याच्या अर्थमंत्र्यांच्या नावे. पारावर सह्या घेतल्या. गाव लोटलं. सरपंचही आले. त्यांनी सही करायला पेन काढलं तेव्हा मावशींनी विचारलं, पाणीपट्टीत टँकरच्या डिझेलपोटी वाढवलेले शंभर रुपये टँकर बंद झाल्यावर का उतरले नाहीत? सरपंच म्हणाले, ग्रामसभेत सांगतो. मावशी म्हणाल्या, मग सहीही ग्रामसभेत करा. ते तणतणत गेले, आणि संध्याकाळी पावतीपुस्तक घेऊन परत आले.

खरी अडचण झाली ती दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांची. एकजण दिल्लीच्या प्रतीवर सही करून उठला. दुसऱ्यानं फक्त मुंबईची प्रत ओढली. दोघंही गावातलेच, मावशींच्या अंगाखांद्यावर वाढलेले.

मावशींनी दोन्ही कागदांवर हात ठेवला. "एका लिटरमध्ये दोघांचे पैसे आहेत. मी भरते तेव्हा वेगळे करता येत नाहीत. एकालाच विचारायचं असेल तर सही करू नको, पोरा. मग हे निवेदन आपलं राहत नाही, तुझ्या पक्षाचं होतं."

"मावशी, वरून फोन येईल."

"येऊ दे. मला दे, मी बोलते."

बराच वेळ दोघं एकमेकांच्या हाताकडं बघत राहिले, आधी कोण करतो म्हणून. शेवटी ज्याची मोटारसायकल महिनाभर पेट्रोलअभावी गोठ्यात पडून होती त्यानं पेन घेतलं, दुसऱ्या कागदावर नाव लिहिलं आणि पेन समोरच्याच्या हातात दिलं. त्यानंही लिहिलं.

दोन्ही पाकिटं आप्पाच्या जीपनं परभणीला गेली आणि रजिस्टर झाली. टपालखर्चासाठी घरटी दोन-दोन रुपये गोळा केले होते. किती जमले, तिकिटांना किती लागले आणि किती उरले ते आप्पानं पोस्टाची पावती बघून पाटीवर लिहिलं, आणि उरलेले पैसे कुणाकडं ठेवलेत त्याचं नावही लिहिलं.