चार किलोमीटर कशात धरायचे?

बी.एड.ची छात्राध्यापिका निरीक्षण वही उघडून शिक्षक खोलीत बसली होती. शेजारी तिच्या मार्गदर्शक बाई. नववीच्या वर्गावरचा तिचा पहिलाच पाठ, अंतर आणि विस्थापन, नुकता झाला होता. वहीत निरीक्षकांचा शेरा होता : ‘विषयज्ञान चांगले. वेळेचे नियोजन नाही. मूल्यमापन राहिले.’ दोघींचं बोलणं मी तिथेच बसून ऐकलं.

“शेरा बरोबर आहे, बाई. पण तो प्रश्न मी सोडायला हवा होता का?”

“कुठला?”

“घरून शाळेत आलात आणि परत घरी गेलात, तर विस्थापन किती, असं मी विचारलं. पुढच्या बाकांवरून ‘शून्य’ आलं. मी फळ्याकडे वळणार तोच मागचा मुलगा म्हणाला, ‘मॅडम, मग मी रोज चार किलोमीटर चालतो ते कशात धरायचे?’”

“अंतरात. एका वाक्याचं उत्तर आहे.”

“ते दिलं. तर म्हणाला, ‘पण शून्य म्हणजे चाललोच नाही असं होतं ना?’ मग आकृती काढली, बाण काढले, दिशा समजावली. तेवढ्यात घंटा झाली.”

“आणि बाकीचा वर्ग?”

“त्यांना आलं होतं.”

“आलं होतं की पाठ होतं? ते तपासायलाच मूल्यमापन असतं. तुमची आंतरवासिता दोन वर्षांत मिळून २० आठवड्यांची. तू जाशील. मला वर्षभरात १८ पाठ उरकायचेत. तू सोडलेलं मला भरून काढावं लागतं.”

बाईंचं हे म्हणणं मला कोरडं वाटलं नाही. एका मुलाला दिलेला वेळ दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याचा असतो आणि वर्षअखेरीस त्याचा हिशेब वर्गाच्या नेहमीच्या शिक्षकालाच द्यावा लागतो.

मुलगी मात्र हटली नाही. “बाई, टाचणात उपयोजन शेवटी लिहायचं असतं. त्याने ते मधेच केलं. शिकवलेलं स्वतःच्या रोजच्या वाटेला लावून पाहिलं. पुढचा पाठ कार्य आणि ऊर्जेचा. तिथे हाच प्रश्न परत येणार. मग याला विषयांतर कसं म्हणायचं?”

जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टच्या अनुयायांनी रुळवलेली पाठाच्या पाच पायऱ्यांची पंचपदी आपल्या टाचणांत अजून मुरलेली आहे. पायऱ्या चांगल्याच आहेत, पण मुलं त्या क्रमाने चढत नाहीत. बी.एड.च्या सरावातल्या सूक्ष्म अध्यापनात तर विद्यार्थी म्हणून सहाध्यायीच बसतात. त्यांना उत्तर ठाऊक असतं, म्हणून ते टाचणाला सोयीचंच बोलतात. चार किलोमीटर चालून आलेला मुलगा तिथे भेटत नाही. ही उणीव मला फार मोठी वाटते.

“विषयांतर नव्हतंच,” बाई जरा थांबून म्हणाल्या. “पण प्रश्न वर्गाचा होता, उत्तर तू एकटीने एकट्याला दिलंस. तोच प्रश्न सगळ्यांपुढे टाकायचास. ज्यांनी ‘शून्य’ म्हटलं त्यांनाच सांगायला लावायचंस, याचं चालणं गेलं कुठे? तिथेच मूल्यमापनही झालं असतं.”

“सुचलं होतं.”

“मग?”

“तो ‘चालतो’ म्हणाला तेव्हा दोघं-तिघं हसली, बाई. बरीच मुलं रिक्षाने येतात. त्याचं चालणं फळ्यावर मांडलं असतं तर वर्गाला विस्थापन कळलं असतं, पण त्याच्या घरची परिस्थितीही चर्चेला आली असती.”

बाईंनी वही मिटली. “हे कुणी लिहिलं नाही.”

“दिसणार कसं? निरीक्षक मागे बसतात. त्यांना मुलांच्या पाठी दिसतात.”

“उद्याचा तास माझा आहे, तू घे. मैदान घे उदाहरणाला. ४०० मीटरच्या धावपट्टीवर एक फेरी पूर्ण केली की विस्थापन शून्यच. कुणाचं घर मधे येत नाही.”

“पण मग प्रश्न त्याचा राहत नाही. तो धीर करून बोलला होता. उद्या मैदान आलं की त्याला वाटेल, आपलं बोलणं बाजूला ठेवलं.”

“आणि त्याचंच उदाहरण घेतलंस नि मुलं पुन्हा हसली तर?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. “आधी त्याला विचारू? परिपाठाच्या आधी, बाजूला घेऊन?”

“विचार. पण असं विचार की त्याला ‘नको’ म्हणता येईल. मॅडमना नाही कसं म्हणायचं म्हणून मुलं ‘चालेल’ म्हणतात.”

“आणि खरंच नको म्हणाला तर?”

“तर मैदान. आणि मूल्यमापनाचे प्रश्न आज रात्रीच लिहून आण, दोन्ही उदाहरणांना चालतील असे.”