शेजाऱ्याच्या शेतातील विळा

महाविद्यालयीन परीक्षांचे दिवस जवळ आले की आपल्या अनेक घरांत प्रकल्पवह्या आणि शोधनिबंध यांची धावपळ सुरू होते. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही मिळते, झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो, मोबाईलवर हव्या त्या विषयाची पाने मिळतात, आणि आता तर विषय सांगताच संगणकच सारा निबंध लिहून देतो. वर स्वतःचे नाव घातले की काम झाले! या प्रकारास कोणी चोरी म्हटले तर मुले चकित होतात. आईवडीलही म्हणतात, ‘फादर, सगळेच करतात. यात कोणाचे काय गेले?’

हा प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तर रागावून नव्हे, तर विचार करून दिले पाहिजे.

दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून मांडणे याला आपण वाङ्मयचौर्य म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी जो ‘प्लेजिअरिझम’ हा शब्द आहे, त्याचे मूळ लॅटिन भाषेत ‘माणूस पळवून नेणारा’ या अर्थाच्या शब्दात आहे. पहिल्या शतकातील रोमन कवी मार्शल याने आपल्या कविता स्वतःच्या म्हणून मिरवणाऱ्यास तो शब्द लावला. कविता ही कवीच्या घरातील व्यक्ती आहे, तिला पळवणे हे माणूस पळवण्यासारखे आहे, असा त्याचा भाव. आपल्या मराठीतही हे दुःख जुने आहे. संतांची वचने मोडून त्यांवर आपली नाममुद्रा उमटवणाऱ्या सालोमालोविषयी तुकोबांनी अभंगात खंत व्यक्त केली आहे. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ या चित्रपटातील सालोमालो तर आपल्या वडीलधाऱ्यांना चांगलाच आठवत असेल.

परंतु ‘कोणाचे काय गेले’ हे समजून घेण्यासाठी रोमला किंवा देहूला जाण्याची आवश्यकता नाही. आपल्या नागभीड तालुक्यातच नांदेड नावाचे गाव आहे. दादाजी रामाजी खोब्रागडे हे तेथील अल्पभूधारक शेतकरी. शाळा तिसरीपर्यंतच झालेली. १९८३ साली ‘पटेल-३’ या जातीच्या धानात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी ते दाणे जपून ठेवले, वेगळे पेरले, वर्षानुवर्षे निरखले आणि त्यांतून बारीक तांदळाचे एक नवे वाण सिद्ध केले. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला ‘एच.एम.टी.’ हे नाव पडले. हा तांदूळ आज दूरदूरच्या ताटांत वाढला जातो. १९९४ साली सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राने त्यांच्याकडून हे बियाणे नेले आणि १९९८ साली कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एच.एम.टी.’ या नावाने वाण प्रसारित केले. शास्त्रीय पद्धतीने निवड व शुद्धीकरण करून हे वाण तयार झाले, अशी विद्यापीठाची बाजू होती. मूळ शोधाचे श्रेय आपणास दिले गेले नाही, असे दादाजींचे म्हणणे होते. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. २०१० साली ‘फोर्ब्ज’ या नियतकालिकाने त्यांची दखल घेतली. तरीही आर्थिक विवंचना संपली नाही. ३ जून २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या वादाचा निवाडा करणे हे माझे काम नव्हे. मात्र त्यातून दोन गोष्टी शिकता येतात. दादाजींच्या कोठारातून बियाणे गेले म्हणून त्यांचे धान संपले नाही. तरीही आपले काही हिरावले गेले, असे त्यांना आयुष्यभर वाटत राहिले. ती वस्तू म्हणजे नाव. श्रम करणाऱ्याचे नाव हा त्याच्या श्रमाचाच भाग असतो. ‘पुस्तक जागच्या जागी आहे, मग चोरी कसली?’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने हे लक्षात घ्यावे. दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. दादाजींच्या शोधाची हकीकत जेथे जेथे सांगितली जाते, तेथे ‘पटेल-३’ चे नाव येतेच. त्यांचे वाणही कोणा आधीच्या संशोधकाच्या वाणातून निपजले होते. ते सांगितल्याने त्यांचा शोध लहान ठरला नाही.

येथे कोणी शंका काढील की, जगात नवे असे काय आहे? आपण सारेच शब्द उसने घेतो. धर्मगुरूदेखील इतरांची पुस्तके वाचूनच प्रवचन करतात! ही शंका संत ऑगस्टीन यांनीही विचारात घेतली होती. इ.स. ४२६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या ‘ख्रिस्ती शिकवणुकीविषयी’ या ग्रंथाच्या चौथ्या भागात ते म्हणतात की, ज्याला स्वतः प्रवचन रचता येत नाही, परंतु चांगले बोलता येते, त्याने दुसऱ्याने उत्तम लिहिलेले पाठ करून लोकांना सांगितले तर तो दोष नव्हे. एकमेकांपासून परमेश्वराची वचने चोरणाऱ्या संदेष्ट्यांचा यिर्मयाने केलेला धिक्कार ते येथे आठवतात आणि सांगतात की, देवाचे वचन पाळणाऱ्याला ते परके नाही. बोलतो चांगले पण वागतो वाईट, तोच खरा चोर.

मग विद्यार्थ्याला ही मुभा का नाही? कारण दोन्ही ठिकाणी लेखनाचा हेतू वेगळा आहे. देवळात श्रोते प्रवचनकाराची परीक्षा घ्यायला बसलेले नसतात. महाविद्यालयातील निबंध मात्र एक साक्ष असतो. ‘हा विषय मला इतका समजला आहे,’ असे विद्यार्थी त्यातून सांगत असतो, आणि त्या साक्षीवर विश्वास ठेवून शिक्षक गुण देतात, विद्यापीठ पदवी देते, पुढे समाज त्याच्या हाती शाळा, दवाखाना, कचेरी सोपवतो. म्हणून वाङ्मयचौर्याने चोरी करू नको ही सातवी आज्ञा तर मोडतेच, पण खोटी साक्ष देऊ नको ही आठवी आज्ञाही मोडते. मूळ लेखकाने आनंदाने परवानगी दिली, किंवा लिहिणारे यंत्र असून त्याची काही तक्रारच नसली, तरी ही दुसरी आज्ञा मोडायची ती मोडतेच.

मग दुसऱ्याचे घ्यावे किती आणि कसे? अनुवादाच्या पुस्तकात इस्राएल लोकांना दिलेला एक सुंदर नियम आहे. शेजाऱ्याच्या उभ्या पिकात गेल्यास हाताने कणसे खुडण्यास हरकत नाही. परंतु विळा लावायचा नाही. धानाच्या बांध्यांत वाढलेल्या आपल्या मुलांना हा नियम समजावून सांगण्याची गरज पडू नये. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे हवे असेल तर ते अवतरणचिन्हांत घालावे आणि लेखकाचे व ग्रंथाचे नाव द्यावे. विचार घेतला आणि शब्द आपले वापरले, तरीही नाव द्यावे. चार शब्द इकडचे तिकडे केल्याने, किंवा इंग्रजी उतारा मराठीत आणल्याने, तो आपला होत नाही. सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टीसाठी, उदाहरणार्थ भारत १९४७ साली स्वतंत्र झाला या विधानासाठी, आधार देण्याचे कारण नाही. उत्तम सवय अशी की, उतारा वाचावा, पुस्तक मिटावे, समजले ते आपल्या शब्दांत लिहावे, आणि मग पुस्तक उघडून ताडून पाहावे. टिपण काढतानाच ग्रंथाचे नाव व पृष्ठ लिहून ठेवले तर पुढची पुष्कळशी गफलत टळते.

पवित्र शास्त्रातही हा प्रामाणिकपणा दिसतो. आपल्या आधी अनेकांनी हा वृत्तांत लिहिण्याचे काम हाती घेतले आणि तो प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आला, हे संत लूक शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतात. अथेन्समध्ये बोलताना संत पौल तेथील कवींचे वचन घेतात, पण ते तुमच्याच कवींचे आहे, हे सांगूनच.

मुले नक्कल का करतात, याचाही आपण विचार केला पाहिजे. प्रत्येक वेळी ते आळसाचे फळ नसते. आपल्या भागात घरी झाडीबोली बोलणारी, घराण्यात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढणारी पुष्कळ मुले आहेत. आपले शब्द गावंढळ, पुस्तकातले तेवढे शुद्ध, असे त्यांच्या मनावर बिंबलेले असते. म्हणून ती भीतीपोटी परक्या शब्दांआड लपतात. अशा मुलास केवळ शिक्षा करून भागणार नाही. त्याचे दोन ओबडधोबड पण स्वतःचे परिच्छेद वाचून त्याला शाबासकी देणारा शिक्षक त्याला हवा. वर्षानुवर्षे तेच विषय देणारी आणि न वाचताच सही करणारी व्यवस्थाही या पापात वाटेकरी आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी नियमावली केली. प्रबंधात साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. साठ टक्क्यांहून अधिक असल्यास विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होते. हे नियम हवेतच. मात्र संगणक शब्दांचे साम्य मोजतो, मनाचा सच्चेपणा नव्हे. नऊ टक्के साम्य असलेला प्रबंधही विकत घेतलेला असू शकतो.

म्हणून अखेरची जबाबदारी घराकडे येते. मुलाने प्रकल्प पूर्ण केला की किती पाने झाली हे विचारू नका. ‘यातले तुला काय समजले, ते मला सांग,’ असे म्हणा. शाळेचे तोंड न पाहिलेली आईही हे विचारू शकते. ज्याने स्वतः लिहिले, तो सांगू लागेल. ज्याला सांगता येणार नाही, त्याचे काय गेले, हे त्याचे त्यालाच कळेल. आणि वही अजून घरातच असेल, तर दुसऱ्याचे नाव जेथे द्यायचे राहिले तेथे ते लिहिण्यास वेळही असेल.